सोलापुरातून आगीचा गोळा दिसला. एकट्याच्या नोंदीचा उपयोग होतो का?

काल रात्री जुळे सोलापुरातल्या गच्चीवरून तुम्हाला हिरवट आगीचा गोळा होटगीच्या बाजूला पडताना दिसला. तो नेमका कुठे पडला आणि कळवून काही उपयोग आहे का, असं तुम्ही विचारलंय.

उपयोग नक्की आहे. पण होटगीच्या माळावर शोधायला जाऊ नका. उल्का साधारण 100 किलोमीटर उंचीवर पेटते आणि बहुतेक वेळा वरच विझते. इतक्या उंचीवरची गोष्ट क्षितिजाकडे झुकली की शेजारच्या गावात पडल्यासारखी वाटते. खरं तर ती अक्कलकोटच्याही पलीकडे, पार कर्नाटकात असू शकते. शिवाय आपल्याकडे सगळा काळा बेसाल्टच. शेतात सापडलेला जड काळा दगड उल्काच आहे असं छातीठोक सांगणारे पुष्कळ भेटतात. चुंबक चिकटला म्हणजे उल्का, हेही खरं नाही. बेसाल्टलाही तो थोडाफार ओढला जातो.

तुमच्या एकट्याच्या नोंदीतून फक्त दिशा कळते. त्याच गोळ्याची लातूर किंवा विजापूरहून कुणी नोंद केली असेल, तर दोन्ही दिशा जिथे मिळतात तिथे त्याचा खरा मार्ग सापडतो. म्हणून एकाच गल्लीतल्या दहा जणांपेक्षा शंभर किलोमीटरवरचा एक माणूस मोलाचा. 28 फेब्रुवारी 2021 ला इंग्लंडमध्ये असाच गोळा दिसला. हजारावर लोकांनी कळवलं, उल्का टिपणारे कॅमेरे होतेच, घरांच्या दारावरच्या बेल-कॅमेऱ्यांतही तो सापडला. दुसऱ्या दिवशी विंचकम गावात एका घरासमोर उल्केचे तुकडे मिळाले आणि ती कोणत्या कक्षेतून आली होती तेही काढता आलं. मला याचं फार अप्रूप वाटतं.

आता तुमचं काम. इतरांचे व्हिडिओ बघण्याआधी आठवणीतलं लिहून काढा, कारण बघितलेलं आठवणीत मिसळतं. पुन्हा त्याच जागी उभे राहा. गोळा कुठून निघाला आणि कुठे विझला ते टाकीच्या, खांबाच्या आधाराने ठरवा आणि दोन्ही दिशा फोनच्या होकायंत्रावर घ्या. उंचीसाठी हात ताठ पुढे धरून मुठी मोजा. एक मूठ म्हणजे सुमारे 10 अंश. वेळ मिनिटापर्यंत हवी. किती सेकंद दिसला, तुकडे झाले का, नंतर गडगडाट आला का आणि किती वेळाने, हेही लिहा. आवाजाला एक किलोमीटरला जवळपास 3 सेकंद लागतात, त्यामुळे तो मिनिटभराने किंवा त्याहूनही उशिरा येतो.

मिनिटभर संथ सरकत, तुकडे होत गेला असेल तर मात्र ती उल्का नसावी. 2 एप्रिल 2022 ला महाराष्ट्रात अनेकांनी जे पाहिलं ते चिनी रॉकेटचे अवशेष मानले जातात. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीकडे धातूचं मोठं कडंही पडलं होतं.

ही माहिती आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेच्या संकेतस्थळावर अग्निगोळ्याच्या अर्जात भरा. तिथे कुणीही, फुकट नोंद करू शकतं. आणि सोसायटीच्या, कोपऱ्यावरच्या दुकानाच्या सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग आजच मागा, काही दिवसांत ते पुसलं जातं. कॅमेऱ्याचं घड्याळ फोनच्या वेळेपेक्षा किती मागे-पुढे आहे, तेही सोबत टिपून ठेवा.