वाचक विचारतात : ट्रकची धडक आणि भरपाई

प्रश्न : खंबाटकी घाटात माझ्या भावाच्या मोटरसायकलला राजस्थानच्या मालट्रकने मागून ठोकले. पाय मोडला. मालक म्हणतो, ड्रायव्हरला धरा. कारच्या अपघातासारखाच दावा करायचा का? राजस्थानला जावे लागेल?
– एक वाचक, वाई

उत्तर : ड्रायव्हरला धरून काय मिळणार? त्याच्या खिशातले डिझेलचे पैसेही मालकाचेच! नोकराच्या निष्काळजीपणाला मालक जबाबदार असतो, म्हणून ड्रायव्हर, मालक, विमा कंपनी तिघांनाही प्रतिवादी करा. कायदा कारचाच, मोटार वाहन कायद्याचे कलम १६६. तुम्ही राहता तिथल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा चालतो, राजस्थान विसरा. मुदत मात्र सहा महिने.

खरा फरक कागदांत. खासगी कारला परमिट लागत नाही, मालट्रकला परमिट आणि फिटनेस प्रमाणपत्र दोन्ही लागतात. ड्रायव्हरचा परवानाही तपासा : एकूण वजन ७,५०० किलोंपेक्षा जास्त असेल, तर हलक्या वाहनाचा परवाना चालत नाही. विमा कंपनी नेमकी इथेच हात वर करते. घाबरू नका. परमिट नसलेल्या ट्रकच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कंपनीला आधी भरपाई द्यायला लावली, मग मालकाकडून वसूल करायला सांगितले. पोलिसांकडून एफआयआर आणि पंचनाम्याच्या प्रती याच आठवड्यात घ्या.