लेटेक (डॉक्युमेंट टाइपसेट करायचं सॉफ्टवेअर) कितीही वेळा रन केलं तरी 'लेबल्स बदललीयेत, परत रन करा' ही वॉर्निंग जातच नाही, काय करू? (व्हेरिओरेफ हे पॅकेज वापरतोय, ते रेफरन्सला 'पुढच्या पानावर' वगैरे शब्द आपोआप जोडतं)

ज्या व्हीरेफमुळे (व्हेरिओरेफची रेफरन्स द्यायची कमांड) पान हलतंय तेवढा एक काढून तिथे साधं रेफ (फक्त नंबर छापतं) आणि पेजरेफ (फक्त पान नंबर छापतं) टाका, वॉर्निंग थांबेल. होतं काय, की लेबलचा (टेबल वगैरेला दिलेल्या खुणेच्या नावाचा) पान नंबर ऑक्स फाइलमध्ये (लेटेक रन होताना स्वतः बनवतं ती .aux फाइल) लिहिला जातो आणि पुढच्या रनला वाचला जातो, म्हणजे लेटेक कायम एक रन मागे असतं. समजा रेफरन्स पान २३ च्या तळाशी आणि टेबल २४ वर, तर व्हीरेफ 'पुढच्या पानावर' असं छापतं, त्याने एक ओळ वाढते, ती ओळ २४ वर जाते, मग दोन्ही एकाच पानावर म्हणून ते शब्द गायब, ओळ परत २३ वर, आणि हे असंच चालू राहतं. ऑक्स फाइल डिलीट करून इथे काही होत नाही, उगाच लोक तेच सांगत बसतात. व्हीरेफ ठेवायचाच असेल तर त्या पानावर \enlargethispage या कमांडने एक ओळ जागा वाढवा, पण ते अगदी शेवटी, मजकूर फायनल झाल्यावरच, नाहीतर वर दोन ओळी बदलल्या की परत सगळं हलतं. फक्त आधी ३-४ रन होऊ द्या, तोपर्यंत ही वॉर्निंग येणं नॉर्मल आहे.