पलीकडची दरी

प्रश्न: आमच्या भागातल्या रानदरीत धरण होणार आहे. आम्ही अकरा जण तीन वर्षं निवेदनं देतोय. आता अधिकारी म्हणतात, ‘ही दरी सोडतो, पलीकडची घेतो. तुम्ही फक्त हरकत मागे घ्या.’ पलीकडे वस्ती नाही. आमच्यातले निम्मे तयार आहेत. सही करावी का?
– एक वाचक

उत्तर: पलीकडची दरी तुमच्यापैकी किती जणांनी पाहिली आहे? पत्रात त्याबद्दल अवाक्षर नाही, म्हणजे बहुधा कुणीच नाही.

मी अशी सही केलेली आहे. रस्त्याची आखणी आमच्या झाडीतून डोंगरामागे हलवली, आम्ही टाळ्या वाजवल्या. डोंगरामागे मी पहिल्यांदा गेले ती बुंध्यांवर पांढऱ्या रंगात आकडे पडल्यावर. २१४ नंबरच्या झाडाच्या ढोलीत घुबडाची पिल्लं होती.

माझ्याहून फार मोठ्या माणसाचीही हीच चूक झाली होती. अमेरिकेत डायनोसॉर राष्ट्रीय स्मारक या संरक्षित प्रदेशातल्या एको पार्क नावाच्या दरीत धरण बांधायचं घाटत होतं. सिएरा क्लब या निसर्गरक्षण संस्थेचे डेव्हिड ब्रोवर १९५४मध्ये संसदीय समितीपुढे उभे राहिले आणि सरकारी अभियंत्यांचा बाष्पीभवनाचा हिशेब चुकलाय हे साध्या शाळकरी गणितानं दाखवून दिलं. (अहवालातली कोष्टकं वाचा हो! घोषणा नंतर.) एको पार्क वाचलं. पण धरणांना मंजुरी देणाऱ्या १९५६च्या कायद्यात नदीच्या खालच्या अंगाचं ग्लेन कॅन्यन या दरीतलं धरण तसंच राहिलं आणि संस्थेनं त्याला विरोध केला नाही. ब्रोवर यांनी तोवर ती दरी पाहिलीच नव्हती. पाहिली तेव्हा वेळ गेली होती; १९६३मध्ये पाणी अडलं. ती खंत त्यांना जन्मभर पुरली.

‘ही की ती’ हा प्रश्न तुम्हाला विचारला गेलाय, तसाच डिसेंबर १९८१मध्ये ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया राज्यातल्या मतदारांनाही विचारला होता. सार्वमताच्या मतपत्रिकेवर दोन धरणं, एक निवडा. ‘नको’ला जागाच नाही. सुमारे एक तृतीयांश लोकांनी मतपत्रिकेवर हातानं लिहिलं, ‘धरण नको’. मतं बाद झाली असतील, पण निरोप पोचला. पुढच्या वर्षी आंदोलकांनी धरणाच्या कामाची नाकेबंदी केली, हजारावर लोकांना अटक झाली आणि १ जुलै १९८३ला ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयानं चार विरुद्ध तीन मतांनी धरणात बुडणारी फ्रँकलिन नदी वाचवली. एका न्यायाधीशाचं मत इकडचं तिकडे झालं असतं तर गेली होती.

तेव्हा आत्ता सही नको, नकारही नको. पलीकडच्या दरीचा नकाशा आणि पाहणी अहवाल लेखी मागा. मिळेपर्यंत दोनदा तरी जाऊन या, एकदा पाणी भरलेलं असताना आणि एकदा आटल्यावर. काय दिसलं ते तारखेनिशी लिहा, फोटो काढा. ‘वस्ती नाही’ हे कुणाच्या तोंडचं वाक्य आहे, तेही तपासा. गुराखी, मध काढणारे वस्तीच्या यादीत नसतात.

आणि जे निम्मे तयार आहेत त्यांच्याशी वाद घालत बसू नका. पहिल्या फेरीला त्यांनाच न्या.