गाठ घरच्यांची

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. फोनवरच उत्तर देणार होते, पण फोनवर तू ‘हो काकू, हो काकू’ म्हणतेस आणि मनातलं मनातच ठेवतेस. म्हणून लिहिते.

बाबांना आता गल्ल्यावर बसणं होणार नाही, अंत्यविधीच्या सामानाचं दुकान तुझ्यावर आलंय. या कामाला नाकं मुरडणाऱ्यांबद्दल मी एक ओळही लिहिणार नाही. रात्री तीनला कोणी शटर वाजवलं की आई चहा टाकते आणि बाबा शर्ट चढवतात, हे बघतच तू वाढलीस. तुझा गोंधळ वेगळा आहे. ती एजन्सी तुला म्हणते, दुकान आम्हाला जोडा, सगळं पॅकेजमध्ये करू. गाडी त्यांची, खांदेकरी त्यांचे, भटजी त्यांचे, उठावन्याच्या शोकसभेचा हॉल, पेपरातली जाहिरात, वर अस्थी नर्मदेत सोडल्याचा व्हिडिओ. घरच्यांना बोटसुद्धा हलवावं लागणार नाही. आणि तुला त्यात दया दिसते. ‘त्या दिवशी माणसं इतकी खचलेली असतात काकू, त्यांना कशाला कामाला लावायचं?’

त्या दिवशीच लावायचं. घरच्यांचे हात लागले पाहिजेत. बाकी तू गाडी ठेव, फ्रीजर ठेव, कार्डानं पैसे घे, माझी काही हरकत नाही. पण घरच्यांचे हात लागले पाहिजेत.

तू म्हणशील, काकू जुन्या वळणाच्या. तसं नाही गं. आमचे हे गेल्यावर मी दुकानात बसले, तेव्हा इथे इंदूरच्या रामबागेतल्या किती तरी घरांतून बोलणी आली की बाईमाणसानं तिरडीचं सामान विकू नये. जुनं वळण पाळायचं असतं तर त्याच दिवशी कुलूप लावलं असतं. मी हे सांगते ते दुकानात बसून जे दिसलं त्यावरून.

२०२१ चा कोरोनाचा एप्रिल तुला आठवत असेल, तू तेव्हा कॉलेजात होतीस. हॉस्पिटलातून थेट मुक्तिधाम, म्हणजे स्मशान. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं शरीर, किट घातलेली अनोळखी माणसं आणि घरचे लांब फाटकाशी. पंचकुइयाच्या स्मशानात जागा नव्हती. माझ्याकडे तिरडीचं सामान मागायला कोणी येत नव्हतं, फक्त मडकं आणि लाल फडकं मागत होते, अस्थींसाठी. ते दिवस गेले. पण त्यानंतर वर्षभर, दीड वर्ष, तीच माणसं दुकानात येत राहिली. काही घ्यायचं नसायचं. उभी राहायची आणि विचारायची, ‘काकू, तिथे तोंडात तुळस घालत असतील ना? आईची साडी तीच असेल ना? डोकं कुठल्या दिशेला ठेवत होते?’ मला काय ठाऊक! मी तिथे नव्हतेच. एक बँकेतले गृहस्थ तेच ते प्रश्न घेऊन किती वेळा आले याचा मी हिशेब ठेवला नाही. ज्यानं आपल्या हातानं बापाच्या तिरडीला सुतळी बांधली, असा माणूस पुन्हा येऊन हे विचारत नाही. त्याला ठाऊक असतं. त्याच्या हातांना ठाऊक असतं. आणि ते पॅकेजवाले तुला काय विकायला सांगताहेत? जे एप्रिलमध्ये नाइलाजानं झालं, तेच आता सोय म्हणून.

चिडून लिहितेय असं वाटेल. चिडलेच आहे.

आता कामाचं. बाबांनी तुला सामान ओळखायला शिकवलं असेल, माणसं कशी हाताळायची ते शिकवायला त्यांना वेळ मिळाला नाही.

घरी गेलीस की दोन लांब बांबू जमिनीवर ठेव, आडव्या कामट्या लाव आणि पहिली गाठ स्वतः मार, हळू, सगळ्यांना दिसेल अशी. दुसऱ्या गाठीची सुतळी जवळ उभ्या असलेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातात दे. ‘तुम्ही बांधाल का?’ असं विचारायचं नाही. विचारलंस की ते मागे सरतात. नुसती सुतळी पुढे करायची, हात आपोआप पुढे येतो. लोकमान्य नगरात एकदा एक पन्नाशीचे गृहस्थ अमेरिकेहून आलेले. विमानातून उतरून थेट घरी. आई दीड दिवस फ्रीजरमध्ये. मला म्हणाले, ‘काकू, तुम्हीच करा ना सगळं, मला काही येत नाही.’ मी सुतळी दिली. हात असे थरथरत होते की सुतळी कामटीखालून जाईना. गाठ पडली ती अगदी सैल. अशी सैल गाठ त्यांच्यादेखत सोडायची नाही, लक्षात ठेव. बोटभर अंतरावर आपली एक घट्ट गाठ मारायची आणि त्यांची तशीच राहू द्यायची. त्यांनी मग पेंढा पसरला, कापड अंथरलं, आणि पायाचे अंगठे बांधायची वेळ आली तेव्हा मला बाजूला सारून खाली बसले.

कोणाकडून काय करून घ्यायचं याचा अंदाज तुला हळूहळू येईल. सवाष्ण गेली तर सुनांना, बहिणींना हिरव्या बांगड्या भरू देत, मळवट भरू देत. लहान नातवंडांना खोलीत कोंडतात, त्यांना बाहेर आण, फुलं ठेवू देत. मडकं धरणारा घाबरलेला असेल तर तीन फेऱ्या कशा मारायच्या, प्रत्येक फेरीला मागून दगडानं भोक कसं पाडतात, हे निघायच्या आधी अंगणातच सांगून ठेव, तिथे गर्दीत त्याला काही ऐकू येत नाही. गॅसच्या किंवा विजेच्या दाहिनीत नेणार असतील तरी ट्रॉलीला घरच्यांचा हात लागला पाहिजे. आणि घरचे म्हणजे कोण, ते आधारकार्डावरून ठरवायचं नाही. तिलक नगरात एक आजी एकट्या होत्या, मुलगा पोचूच शकला नाही. दूधवाला होता, खालचा इस्त्रीवाला होता, समोरच्या घरातली नर्सिंग शिकणारी मुलगी होती. बांधली त्यांनी. त्या आजींना भाड्याचे खांदे लागले नाहीत.

सगळीकडे हे जमतं असं नाही. पोस्टमॉर्टेम झालेलं, अपघातातलं, संसर्गाचं शरीर असेल तर डॉक्टर सांगतील तसंच. तेव्हा पाणी, तुळशीचं पान, वरचं वस्त्र, जेवढं करता येईल तेवढं त्यांच्या हातून करून घे. काहीच नाही असं मात्र ठेवू नकोस.

सामानाच्याही आधी बोलायचं ते असं. फोन आला की पहिलं विचार, नेत्रदान करायचंय का. सहा तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात. पंखा बंद करा, पापण्या मिटून वर ओली कापसाची घडी ठेवा, डोक्याखाली उशी द्या, एवढं फोनवरच सांग. इंदूरची माणसं याला पटकन हो म्हणतात, फक्त त्या गडबडीत आठवण करून देणारं कोणी लागतं. दुसरं, हात-पाय लगेच सरळ करून घ्यायला सांग, अंगठ्या-बांगड्या काढायच्या असतील तर तेव्हाच. दोन-तीन तासांनी शरीर ताठरायला लागतं आणि मग जे ओढाओढीचं होतं ते घरच्यांनी बघू नये. हेसुद्धा त्यांनाच करायला सांग. आपण पोचेपर्यंत त्यांचे हात रिकामे राहू नयेत.

कागदांचंही तेच. मृत्यू घरी झाला असेल तर ओळखीच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट, हॉस्पिटलात झाला तर तिथला कागद, मुक्तिधामची रसीद आणि २१ दिवसांत नोंद. नंतर लेट फी लागते, ३० दिवसांच्या वर गेलं की परवानग्या सुरू. मुक्तिधामच्या रजिस्टरमध्ये नाव घरच्यांपैकी कोणाला तरी लिहू दे आणि शेजारी आधारकार्ड धर. सगळा मोहल्ला ‘अण्णा’ म्हणत असतो म्हणून अण्णा लिहितात, आणि मग पेन्शनच्या नि विम्याच्या खिडकीवर विधवा बाई सहा-सहा महिने हेलपाटे घालते.

भाव एकच ठेव, बोर्डावर लिही, घासाघीस नको. ज्याच्याकडे नाहीत त्याच्याकडून घेऊ नकोस. हे बाबांच्या हाताखाली बघितलंच आहेस.

तू लिहिलंस, गिऱ्हाईक दुकानात आलं की तुझ्या खांद्यावरून आत बघतं आणि विचारतं, ‘कोई आदमी नहीं है क्या?’ आणि तेव्हा वाटतं की दोन माणसं पगारावर ठेवून आपण काउंटरमागे बसावं. नको बसूस. सरळ सांग, ‘हैं ना, आप हैं,’ आणि सुतळीचा गुंडा त्यांच्या हातात दे. सगळ्या प्रश्नाला माझ्याकडे हेच एक उत्तर आहे. त्यांना तुझ्याऐवजी पुरुष नको असतो, त्यांना आपल्याऐवजी कोणीतरी हवं असतं. ते कोणीतरी तू व्हायचं नाहीस.

स्थळांचं तू लिहिलंस ते वाचलं. ज्यांना दुकानाचा बोर्ड लग्नाआधी उतरवून हवाय, ती स्थळं जाऊ देत. पुढे.

माझा मुलगा घरच्यांच्या हातांच्या या हट्टावरूनच बंगलोरला गेला, हे तुला बाबांनी सांगितलं असेल. तोही हेच म्हणायचा, ‘आई, लोक पैसे देतात ते मोकळं व्हायला. तू त्यांना कामाला लावतेस.’ त्याला अ‍ॅप काढायचं होतं. मी हो म्हटलं असतं तर आज तो इथे असता, दुकानही पुढे चाललं असतं, नातवंडं रामबागेत शिकली असती. हे दुःख मी कोणाला दाखवत नाही. पण मी हो म्हटलं नाही आणि आजही म्हणणार नाही. निपानियाकडच्या, बायपासच्या नव्या टाउनशिपमधले फोन आता त्या पॅकेजवाल्यांना जातात, माझ्याकडे येत नाहीत. माझ्या पश्चात दुकान बंद होईल. होऊ दे. ते चालावं म्हणून मी लोकांचे हात बांधून ठेवणार नाही.

हा हट्ट कुठून आला तेही सांगते, म्हणजे तू उगाच काहीबाही समजणार नाहीस. देवासला माझे वडील गेले तेव्हा मी बाळंतपणाला माहेरीच होते. दारात उभी होते. अंगणात मामा, चुलते, शेजारचे, सगळे बांधत होते. मला पुढे येऊ दिलं नाही, बायका येत नाहीत म्हणाले. वडिलांच्या धोतराचा काठ दुमडला होता, मला फक्त तो सरळ करायचा होता. इतकी वर्षं झाली, किती माणसांना पोचवायला लागणारं सामान या हातांनी दिलं असेल, पण तो दुमडलेला काठ अजून डोळ्यांपुढून जात नाही. आमचे हे गेले तेव्हा मी कोणाला विचारलं नाही. सगळ्या गाठी मी मारल्या. लोक बोलले. त्या रात्री मला झोप लागली, आणि त्याची मला लाज वाटली नाही.

म्हणून ‘त्यांना त्रास होईल’ हे मला सांगू नकोस. त्रास होणारच आहे. प्रश्न एवढाच की त्या त्रासात हाताला काही असावं की नसावं.

आपल्या अहिल्याबाईंनी काशीला मणिकर्णिका घाट नव्यानं बांधवून घेतला. दगडाच्या पायऱ्या दिल्या, जागा दिली. त्या पायऱ्या उतरून आपल्या माणसाला अग्नी द्यायचा तो ज्याचा त्यानंच. आपलं दुकान म्हणजे असाच एक लहानसा घाट धर. सामान चोख, वेळेवर, रात्री-बेरात्री, आणि कसं करायचं ते शांतपणे सांगणारं माणूस. त्याच्या पुढे पाऊल टाकलंस की तू त्यांची जागा घेतेस. अस्थींचंही तसंच. नर्मदेवरचा खेडीघाट काही लांब नाही, खंडवा रोडनं दोन-अडीच तास. उज्जैन त्याहूनही जवळ. गाडी ठरवून दे, भटजींचा नंबर दे, काय काय न्यायचं ते कागदावर लिहून दे. व्हिडिओ नाही. ज्याला खरंच जाता येत नाही, पाय चालत नाहीत, त्याचा भाचा-पुतण्या शोध.

एजन्सीच्या कागदावर सही करू नकोस. निदान मी येईपर्यंत तरी नको. सोमवारी दुपारी येते, बाबांशी बोलेन, तेही ऐकतील. येताना माझ्या वहीतली बांबूवाल्याची आणि कुंभाराची नावं आणते. पावसाळ्याच्या आधी बांबू भरून घे, ओले बांबू खांद्यावर लवचतात. सुतळी जाड घे, पातळ सुतळी नवख्या हाताला कापते, आणि आपल्याकडे सगळे हात नवखेच येणार आहेत. गोवऱ्या माळ्यावर टाक, खाली ओल धरते.

आईला नमस्कार सांग. बाबांचा व्यायाम चुकवू देऊ नकोस.

तुझी,
काकू