तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : सिग्नल सुटत का नाही?

प्रश्न : आडव्या रस्त्याचा सिग्नल लाल झालेला दिसतो तरी आपलाही एक-दोन सेकंद लालच राहतो, हा बिघाड असतो का?

उत्तर : बिघाड नाही, मुद्दाम तसं ठेवलेलं असतं. ताशी ५० च्या स्पीडने येणारी गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते, म्हणजे पिवळा संपता संपता जी लाइन ओलांडून आत शिरली ती लाल लागला तरी चौकाच्या मधेच असते, तिला बाहेर पडायला वेळ नको का? म्हणून थोडा वेळ सगळीकडे लाल. आणि नेमक्या त्याच वेळात मागचे हॉर्न वाजवायला लागतात, त्याला काही इलाज नाही.

प्रश्न : मोठ्या चौकात सिग्नलची सायकल, म्हणजे सगळ्या बाजू एकेकदा सुटायची पूर्ण फेरी, १२० सेकंदांची का ठेवतात? ६० केली तर थांबावंही निम्मंच लागेल ना?

उत्तर : वाटतं तसं, पण गर्दीत उलटंच होतं. प्रत्येक वेळी सिग्नल बदलला की पिवळ्याचा शेवट, तो सगळीकडचा लाल, मग पहिला ड्रायव्हर गिअर टाकून हलेपर्यंतचा वेळ, असे धरा ५ सेकंद फुकट जातात. चार बाजू आळीपाळीने सोडायच्या तर एका फेरीत २० सेकंद गेले, ६० मधले २० म्हणजे तिसरा हिस्सा आणि १२० मधले २० म्हणजे सहावा. रांगा मोठ्या असल्या की हाच फरक नडतो. अर्थात म्हणून वाढवतच न्यायचं असंही नाही, फार लांबवलं की पायी चालणारे कंटाळून मधेच घुसतात, आणि रात्री रिकाम्या चौकातही तीच १२० ची सायकल चालू ठेवणं हा आमच्या मते निव्वळ आळस आहे.

प्रश्न : काही ठिकाणी गाडी आली की सिग्नल आपोआप सुटतो म्हणे, मग माझी बाइक त्याला का कळत नाही?

उत्तर : बऱ्याच ठिकाणी रस्त्यात खाच पाडून खाली वायरचं वेटोळं पुरलेलं असतं. ते वजन ओळखत नाही, धातू ओळखतं, त्यामुळे कार लगेच कळते आणि बाइक कधीकधी त्याच्या नजरेतून सुटते. डांबरात बुजवलेली चौकोनी रेघ दिसली तर चौकोनाच्या मधे न थांबता रेघेवरच चाक ठेवून थांबा, आणि स्टॉप लाइनच्या पुढे जाऊन तर थांबूच नका, तिथे वायर नसते आणि मग सिग्नलच्या लेखी तुम्ही आलेलेच नसता.