अमेरिकेतली सरकारकपात आणि चिपची शर्यत: कात्री नेमकी कुठे चालते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतले रिपब्लिकन एकीकडे सरकार छोटं करायला निघालेत आणि दुसरीकडे चिप व एआयमध्ये चीनला मागे टाकू म्हणतात, तर दोन्ही एकदम कसं जमायचं? आणि शेवटी हळूच जोडलंय की मटेरियल सायन्सवाल्या भाचीला तिकडे पीएचडीला पाठवावं का. दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेत, म्हणून जरा लांबण लावतो. मी चिप बनवायच्या यंत्रांच्या धंद्यात आहे, बरीच वर्षं मुक्काम कॅलिफोर्नियात. राजकारणाचा अभ्यासक नाही, पण वॉशिंग्टनमधल्या कपातीची झळ कुठे लागते ते या धंद्यात बसल्या जागी कळतं.

आधी वरच्या दोन प्रतिसादांबद्दल. एकाने "उजवे म्हणजे विज्ञानाचे वैरी" असं लिहिलंय, दुसऱ्याने "बाबू कमी झाले की देश आपोआप पुढे जातो." दोन्ही मला पटत नाही. रशियाचा स्पुटनिक उडाल्यावर वर्षभरात, १९५८ साली, डार्पा (संरक्षण खात्याची संशोधन संस्था, तेव्हाची आर्पा) आणि नासा उभ्या केल्या त्या आयझेनहॉवर यांनी, आणि ते रिपब्लिकनच. १९८१ च्या शपथविधीत "सरकार हे उत्तर नाही, सरकार हाच प्रश्न आहे" अशा अर्थाचं बोलणाऱ्या रेगन यांच्याच कारकिर्दीत सेमाटेक (चिप कंपन्यांचं सामाईक संशोधन केंद्र) निघालं. जपानी मेमरी चिपांनी अमेरिकी कंपन्यांना घाम फोडला होता. मग १९८७ साली १४ कंपन्या एकत्र आल्या आणि सरकारने डार्पामार्फत वर्षाला १० कोटी डॉलर घातले. इंटेलचे सहसंस्थापक रॉबर्ट नॉइस ते चालवायला ऑस्टिनला गेले. त्याच वर्षी ३० कोटी डॉलरच्या जपानी मालावर १०० टक्के शुल्कही लागलं. भाषणात बाजार, व्यवहारात डार्पा.

आणि "बाबू कमी करा" हे फक्त अमेरिकी उजव्यांचं वेड आहे असंही नाही. १९९८ साली चीनचे पंतप्रधान झू रोंगजी यांनी मंत्रालयं ४० वरून २९ वर आणली आणि केंद्रातली माणसं जवळपास निम्मी केली. चीनची तंत्रज्ञानातली चढती कमान त्यानंतरची आहे. म्हणजे नोकरशाही छाटणं आणि तंत्रज्ञानात पुढे जाणं यांचं मुळात वैर नाही. कात्री कुठे चालते एवढंच बघायचं. अमेरिकेत ती पैसा जिथे आहे तिथे चालत नाही, माणूस काढणं जिथे सोपं आहे तिथे चालते. चीनशी झुंजायची ताकद नेमकी त्याच जागी बसलेली आहे, असं माझं म्हणणं.

आकडे बघा, सगळे अब्ज डॉलरमध्ये देतो. २०२४ च्या आर्थिक वर्षात केंद्र सरकारचा खर्च साधारण ६,७५०. त्यात सोशल सिक्युरिटीची पेन्शनं १,४५० च्या पुढे, म्हाताऱ्यांचं आणि गरिबांचं आरोग्य मिळून जवळजवळ तेवढंच, कर्जावरचं निव्वळ व्याज ८८० च्या आसपास, म्हणजे संरक्षणाहून थोडं जास्तच. मुलकी कर्मचाऱ्यांचे पगार-भत्ते सगळे मिळून तीनशेच्या आसपास, पाच टक्क्यांहून कमी. शिवाय या कर्मचाऱ्यांतले निम्म्याहून जास्त संरक्षण, माजी सैनिक आणि होमलँड सिक्युरिटी या तीन खात्यांत, जिथे हात लावायला रिपब्लिकन स्वतःच कचरतात.

आता मस्क यांनी निवडणुकीच्या प्रचारात किती वाचवू म्हणून सांगितलं? किमान २,०००. संसद दरवर्षी मतदानाने जो खर्च मंजूर करते तो, संरक्षण धरून, सगळा १,८०० च्या आसपास. म्हणजे सैन्यासकट सगळी दुकानं बंद केली तरी आकडा गाठता आला नसता. झालं काय? कर्मचारी २४ लाखांवरून २१ लाखांच्या घरात आले आणि २०२५ चा खर्च वाढून ७,००० वर गेला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

तारखांचा योगायोग मला अजून गमतीचा वाटतो. २० जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांनी शपथ घेतली आणि डोजच्या (मस्क यांच्या सरकारकपात पथकाच्या) आदेशावर सही केली, त्याच दिवशी चीनच्या डीपसीकने आपलं आर-वन हे एआय मॉडेल खुलं केलं. २७ तारखेला एआय चिपवाल्या एनव्हिडियाचं बाजारमूल्य एका दिवसात जवळपास ५९० अब्ज डॉलरनी घसरलं. आणि २८ तारखेला, सगळं जग चीनच्या एआयबद्दल बोलत असताना, अमेरिकी सरकारी कर्मचाऱ्यांच्या इनबॉक्समध्ये काय आलं? "फोर्क इन द रोड" विषयाची ईमेल. उत्तरात "रिझाइन" एवढा शब्द टाइप करून पाठवा, सप्टेंबरअखेरपर्यंत पगार घरबसल्या मिळेल. अशी ऑफर कोण घेतं? ज्याला बाहेर लगेच नोकरी मिळते तो, नाहीतर ज्याची निवृत्ती दारात आली आहे तो. ज्याला कुठेच मागणी नाही तो खुर्चीला चिकटून बसतो. कोणत्याही कंपनीचा व्हीआरएस पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

पुढची पाळी प्रोबेशनवरच्यांची. त्यांना कायद्याचं संरक्षण कमी, म्हणून नारळ देणं सोपं. पण प्रोबेशनवर असतं कोण? नुकताच भरती झालेला. आणि नुकती भरती कुठे झालेली असते? नव्या कामात. चिप्स कायदा, म्हणजे देशात चिप कारखाने उभारायला अनुदान देणारा, ऑगस्ट २०२२ चा, जवळपास ५३ अब्ज डॉलरचा. त्याचं ऑफिस वाणिज्य खात्यात शून्यापासून उभं केलेलं. बँकिंगमधून आणि चिप कंपन्यांतून माणसं कमी पगारावर ओढून आणलेली, म्हणजे बहुतेक सगळे नवे. २०२५ च्या सुरुवातीला कपात आली तेव्हा तिथलेच बरेच जण गेले. इंटेल किंवा तैवानच्या टीएसएमसीने कारखान्याचा अमुक टप्पा खरोखर गाठला का हे तपासून पुढचा हप्ता सोडायचा, हे त्यांचं काम. अण्वस्त्रं सांभाळणाऱ्या संस्थेत तर फेब्रुवारीत तीनेकशे जणांना काढलं, काय केलंय ते ध्यानात आल्यावर परत बोलवायचं ठरलं, आणि तोवर त्यांची सरकारी ईमेल बंद केलेली. मग ओळखीपाळखीतून खाजगी नंबर शोधत बसले.

उजव्यांची बाजूही सांगतो, कारण तक्रार खोटी नाही. पेनसिल्व्हेनियात बॉयर्स नावाच्या गावी चुनखडीची जुनी खाण आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचे निवृत्तीचे कागद २०२५ च्या सुरुवातीलाही तिथे जमिनीखाली, फायलींच्या कपाटांमधून हाताने फिरत होते. शेकडो माणसं त्या कामावर. मस्क यांनी व्हाइट हाउसमध्ये तिचा दाखला दिला तेव्हा लोक हसले, आणि हसण्यासारखंच आहे ते. चिप्स कायद्याचंही तेच: कायदा २०२२ चा, मोठ्या कंपन्यांचे अंतिम करार बहुतांशी २०२४ च्या शेवटी. १५ कोटी डॉलरहून जास्त मागणाऱ्याने कामगारांच्या पाळणाघराची योजनासुद्धा जोडायची होती. चीन कारखाना बांधून मोकळा होतो तोवर इथे अर्जाच्या पुरवण्या चालू.

पण मग खाणीतलं काम संगणकावर आणायचं कोणी? सरकारी सॉफ्टवेअर सुधारायला १८-एफ नावाचा एक छोटा गट होता, शंभरच्या आतबाहेर माणसं. मार्च २०२५ च्या पहिल्या दिवशी, मध्यरात्रीनंतर ईमेल पाठवून तो गुंडाळला. आणि कपातीमुळे ज्यांनी निवृत्ती घेतली त्यांच्या अर्जांचा ढीग कुठे येऊन पडला? निवृत्तीचं काम बघणाऱ्या त्याच यंत्रणेवर.

आता माझ्या धंद्यातलं. आजच्या सगळ्यात बारीक चिप ज्या यंत्रावर छापतात त्याला ईयूव्ही म्हणतात. निर्वात पेटीत वितळलेल्या कथलाचे थेंब सेकंदाला पन्नास हजार या गतीने सुटतात, केसापेक्षाही बारीक. प्रत्येक थेंबाला लेझरचे दोन फटके: पहिल्याने थेंब चपटा होतो, दुसऱ्याने त्याचा प्लाझ्मा होतो आणि १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश निघतो. हा प्रकाश हवेतसुद्धा शोषला जातो, भिंगातून तर जातच नाही, म्हणून सगळा मामला आरशांचा. यंत्र बसएवढं, किंमत पंधरा कोटी डॉलरच्या वर, आणि ते बनवणारी कंपनी जगात एकच: हॉलंडची एएसएमएल.

याच्या पायाभूत संशोधनाचा मोठा भाग मात्र अमेरिकेच्या सरकारी प्रयोगशाळांतला: लॉरेन्स लिव्हरमोर, सँडिया, बर्कली. १९९४ च्या निवडणुकीत गिंग्रिच यांच्या रिपब्लिकनांनी संसद जिंकली, काटकसरीचं वारं सुटलं, आणि १९९६ मध्ये या कामाला मिळणारा ऊर्जा खात्याचा पैसा थांबला. १९९७ मध्ये इंटेलने पुढाकार घेऊन कंपन्यांचा गट केला आणि सुमारे २५ कोटी डॉलर प्रयोगशाळांना देऊन काम चालू ठेवलं. ते पूर्ण यंत्रात उतरवायला तगडी अमेरिकी कंपनी उरलेली नव्हती. चिप छापायची यंत्रं बनवणारी जीसीए १९९३ लाच बंद झाली होती. जपानी निकॉनला घ्यायला वॉशिंग्टन राजी नव्हतं, म्हणून डच कंपनीला आत घेतलं. पैसा थांबला म्हणून यंत्र हॉलंडला गेलं इतकं सरळ ते नाही. सरकारने हात काढल्यावरही काम जगलं, हे तर बाजारवाल्यांच्याच बाजूचं उदाहरण आहे. फक्त एक झालं: पुढे काय होणार याचा निर्णय ज्याने पैसा घातला त्याने घेतला, आणि इंटेलला यंत्र हवं होतं, ते कुठल्या देशात बनतं याच्याशी तिला फार देणंघेणं नव्हतं. २०१९ च्या सुमाराला हे यंत्र चीनला जाऊ द्यायचं नाही असं वॉशिंग्टनने ठरवलं, तेव्हा हेगला जाऊन डच सरकारची मनधरणी करावी लागली. प्रकाशाचा उगम अजून सॅन डिएगोत बनतो, म्हणून शब्दाला थोडं तरी वजन होतं.

त्याच काटकसरीत संसदेचं तंत्रज्ञान सल्लागार कार्यालय, ओटीए, १९९५ ला बंद झालं. वर्षाचा खर्च दोन-सव्वादोन कोटी डॉलर. म्हणजे आजचं एक ईयूव्ही यंत्र घेतलं तर त्या पैशात हे ऑफिस सहासात वर्षं चाललं असतं.

सध्याच्या सरकारबद्दल आणखी एक. ट्रम्प यांनी मार्च २०२५ मध्ये संसदेपुढे चिप्स कायद्याला भयंकर म्हटलं, आणि ऑगस्टमध्ये त्याच कायद्याच्या अनुदानाच्या बदल्यात इंटेलचे सुमारे १० टक्के शेअर सरकारच्या नावावर केले. चीनला कोणती चिप विकू द्यायची हे ठरवणारं निर्यात नियंत्रणाचं खातं चिमुकलं आहे, त्याला तर याच सरकारने अंदाजपत्रकात वाढ मागितली. जुलै २०२५ च्या एआय कृती आराखड्यात ढीगभर कामं निस्ट (मोजमाप आणि मानकं ठरवणारी) आणि एनएसएफ (विज्ञान संशोधनाला अनुदान देणारी) या संस्थांवर टाकली आहेत, आणि ज्यांच्याकडे काटकसरीची कात्री फिरली त्यांतही या दोघी आहेतच. तेव्हा सरकार छोटं होतंय असं मला काही दिसत नाही. कारकून आणि तज्ज्ञ कमी झालेत, आणि भागधारक म्हणून सरकार कंपनीत जाऊन बसलंय. रेगन यांच्या पक्षात हे चालून जातं याचं मला अजून नवल वाटतं.

आता भाची. घाबरून बेत रद्द करू नका, पण आंधळेपणानेही पाठवू नका. एनएसएफचे वर्षाचे ९ अब्ज डॉलर ३.९ वर आणायचा प्रस्ताव होता, संसदेने तो मानला नाही आणि पावणेनऊच्या आसपास ठेवले. एनआयएच या आरोग्य संशोधन संस्थेच्या अनुदानातला विद्यापीठांचा वरखर्च १५ टक्क्यांवर बांधायचा आदेश कोर्टात अडकला. पण मंजूर झालेली हजाराहून जास्त एनएसएफ अनुदानं २०२५ मध्ये मध्येच रद्द झाली हेही खरं, आणि पीएचडीचा पगार त्याच अनुदानातून येतो. मॅसॅच्युसेट्सच्या सरकारी मेडिकल स्कूलने त्या वसंतात पीएचडीच्या दिलेल्या ऑफर मागे घेतल्या होत्या. मटेरियल सायन्सचं त्यातल्या त्यात बरं: ऊर्जा खातं, संरक्षण खातं, चिप कंपन्या, सगळीकडून पैसा येतो.

ऑफर आली की प्राध्यापकांना सरळ ईमेल करून विचारायला सांगा: माझा पगार कोणत्या अनुदानातून, ते कधी संपतं, आणि मध्येच थांबलं तर डिपार्टमेंट टीएशिप (शिकवण्यात मदत करून मिळणारा पगार) देतं का. किती वर्षांची हमी आहे ते पत्रात लेखी हवं. त्याच लॅबमधल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याशी फोनवर बोलावं, ईमेलवर कोणी खरं लिहीत नाही. एच-वन-बीच्या एक लाख डॉलर शुल्काची धास्ती घेतली असेल तर ते मुख्यतः देशाबाहेरच्या माणसासाठीच्या नव्या अर्जावर आहे. तिथेच विद्यार्थी असताना स्टेटस बदलून घेणाऱ्याला लागत नाही असा खुलासा ऑक्टोबर २०२५ मध्ये आला. नियम बदलत राहतात, तिची वेळ येईल तेव्हा पुन्हा तपासा.

आणि सगळे अर्ज अमेरिकेतच करू नका. बेल्जियममध्ये लूवनला आयमेक ही चिप संशोधन संस्था आहे, एएसएमएलच्या शेजारी आइंडहोव्हनचं तांत्रिक विद्यापीठ आहे, तैवानात शिंचूला त्सिंग हुआ आणि यांग मिंग च्याओ तुंग ही विद्यापीठं आहेत. युरोपात पीएचडी बहुतेक ठिकाणी नोकरीसारखी जाहिरात देऊन भरतात आणि जागा वर्षभर निघत असतात, त्यामुळे अमेरिकेच्या डिसेंबरच्या तारखांची वाट न बघता तिने आत्तापासून तिकडच्या जाहिरातींवर नजर ठेवावी. तिचा नेमका विषय काय आहे ते कळवा, थिन फिल्म किंवा प्लाझ्माच्या बाजूचं असेल तर कोणत्या लॅब बघाव्यात ते सांगू शकेन.