‘दुहेरी’ की ‘द्वैती’ अर्थव्यवस्था?

विकसनशील देशांविषयीच्या लेखनात एकाच संकल्पनेसाठी ‘दुहेरी अर्थव्यवस्था’ आणि ‘द्वैती अर्थव्यवस्था’ असे दोन्ही प्रयोग दिसतात. त्यांपैकी योग्य कोणता आणि त्याऐवजी ‘मिश्र अर्थव्यवस्था’ म्हटले तर चालेल का, असा प्रश्न आहे.

‘मिश्र’ चालणार नाही. खासगी आणि सरकारी मालकी एकत्र नांदते त्या व्यवस्थेसाठी तो शब्द रूढ आहे. येथे मुद्दा मालकीचा नसून उत्पादनाच्या रीतीचा आहे: एकीकडे भांडवल व यंत्रे वापरणारे आधुनिक क्षेत्र, तर दुसरीकडे जेमतेम पोटापुरते मिळवून देणारे निर्वाह क्षेत्र.

‘दुहेरी’विषयी माझा आक्षेप अर्थच्छटेचा आहे. दुहेरी धागा, दुहेरी नागरिकत्व, दुहेरी कर या प्रयोगांत एकाच वस्तूला किंवा व्यक्तीला दोन पदर लाभतात किंवा चिकटतात. आपल्या संकल्पनेत मात्र बहुतेक माणसे या बाजूला तरी असतात किंवा त्या बाजूला तरी, आणि त्यांच्यामधील अंतर हाच तिचा गाभा आहे. डच अर्थतज्ज्ञ बूके यांनी डच अमलाखालील जावा बेटाच्या (आज इंडोनेशियात) अनुभवावरून ती मांडली, तेव्हा बाहेरून आलेली भांडवलशाही आणि मूळचा ग्रामसमाज एकजीव होतील, यावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांच्या विचाराला ‘द्वैती’ हाच शब्द शोभतो.

अर्थतज्ज्ञ आर्थर लुईस यांच्या १९५४ च्या निबंधात मात्र निर्वाह क्षेत्रातील जादा मजूर आधुनिक क्षेत्राकडे सरकत राहतात, आणि हा साठा संपेपर्यंत निर्वाह क्षेत्रातील तुटपुंजी मिळकतच आधुनिक क्षेत्रातील मजुरीला वर चढू देत नाही. दोन्ही बाजू इतक्या घट्ट बांधलेल्या असताना ‘द्वैत’ म्हणणे मला अवघड वाटते. तेथे ‘द्विक्षेत्रीय प्रतिमान’ (दोन क्षेत्रांचे मॉडेल) म्हणावे.

याच ओघात ‘द्वैत वाढले’ आणि ‘विषमता वाढली’ ही विधाने एकमेकांच्या जागी वापरली जातात, ती चूक अधिक गंभीर आहे. अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांनी १९५५ मध्ये दाखवलेले गणित सोपे करून पाहू. निर्वाह क्षेत्रात प्रत्येकाची मिळकत १०० आणि आधुनिक क्षेत्रात ३०० आहे असे धरा. सर्व जण निर्वाह क्षेत्रात असताना विषमता शून्य असते. काही जण पलीकडे गेले की ती निर्माण होते, काही काळ वाढते, आणि शेवटचा माणूस पलीकडे पोहोचला की पुन्हा शून्यावर येते. या साऱ्या प्रवासात दोन क्षेत्रांमधील तिपटीचे अंतर मात्र तसूभरही बदललेले नसते.